ट्रकचा मूळ रंग

अण्णांचा ट्रक हिरवा होता, याबद्दल ताईला जितकी खात्री होती, तितकीच तो निळा होता याबद्दल तिच्या धाकट्या भावाला होती. अण्णा, म्हणजे त्यांचे वडील, जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि ट्रक परसात उभ्या उभ्या गंजत होता. तो पुन्हा होता तस्सा करायचा, एवढ्यावर भावंडांचं एकमत झालं आणि तिथेच ते संपलं. घरात ट्रकचा एकुलता एक फोटो होता, पण त्यात ट्रक करडा होता आणि अण्णाही.

"मी रोज त्यांच्या शेजारी बसायचे," ताई म्हणाली.

"तू बसून खिडकीबाहेर बघायचीस. ट्रककडे मी बघायचो."

हे ताईला लागलं. आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलेल्या बाईला 'तू नीट बघितलं नाहीस' म्हणायचं म्हणजे काय! शिवाय प्रश्न नुसता रंगाचा नव्हताच. अण्णा कोणाला जास्त आठवतात, असा तो होता. हे दोघांनाही कळत होतं, म्हणून दोघंही फक्त ट्रकबद्दल बोलत होती.

"मग पुरावाच काढू," ताई म्हणाली. "ट्रकवर निदान चार थर आहेत. सगळ्यात जुना सगळ्यात खाली. वरचे काढले की मूळ रंग सापडेल. हरेल त्याने गप्प बसायचं."

"कायमचं?"

"रंगापुरतं. तेवढं जमलं तुला तरी पुष्कळ."

शनिवारी सकाळी ब्लास्टिंगवाला आला. कॉम्प्रेसर, मनगटाएवढी जाड नळी आणि काळ्या रेतीची पोती घेऊन. हवेच्या जोराने रेती मारायची आणि गंज, रंग सगळं खरवडून काढायचं, हा त्याचा धंदा. त्याने एकच अट घातली. "उघडा पत्रा ठेवता येत नाही. लगेच पुन्हा गंजतो. संध्याकाळी पेंटर आलाच पाहिजे."

"येईल. तुम्ही बिनधास्त मुळापर्यंत जा," असं बजावून ताई चहा टाकायला आत गेली.

ती कप घेऊन बाहेर आली तेव्हा बॉनेट स्वच्छ, एकसारखं राखाडी झालं होतं.

"मूळ रंग कुठाय?"

"गेला."

"कुठे गेला?"

त्याने पायाखालच्या ढिगाकडे बोट दाखवलं. "तुम्हीच म्हणालात, मुळापर्यंत. रंगाच्या मुळाशी पत्राच असतो की हो."

ताई हरणाऱ्यांतली नव्हती. तिने पिठाची चाळणी आणली, भिंग आणलं आणि ढिगाशी उकिडवी बसली. ढिगात सगळे रंग होते. गंजाचा तेवढा सगळ्यात जास्त.

"दार घ्या," तिने उठत फर्मावलं. "जोर कमी ठेवा."

दारावरचा लाल गेला, पिवळा आला. पिवळा गेला, खाली खड्डे बुजवायला भरलेली पांढरी लांबी लागली. मग ती लांबी एका ढेपेत खाली पडली आणि दाराला एक नवी खिडकी झाली.

"हे दार धरूच नकोस," धाकटा म्हणाला. "हे मूळचं नाहीच. अण्णांनी भंगारातून आणून बसवलेलं."

"हे आधी सांगायला काय झालं होतं?"

"आधी वाटलं, निळा निघेल."

यावर ताईने जे सुनावलं ते पुरतं ऐकायला धाकट्याला बराच वेळ लागला. तेवढ्यात ब्लास्टिंगवाल्याने मागचा फाळका घेतला होता. "थांबा, थांबा!" म्हणत दोघं धावली, पण कॉम्प्रेसरच्या आवाजात आणि डोक्यावरच्या टोपात त्याला काय ऐकू येणार? तो थांबला तो काम चोख करूनच.

दुपारपर्यंत रंग म्हणून उरलं ते एक मडगार्ड.

"ती नळी इकडे द्या," ताई म्हणाली.

"मॅडम, फार जोर असतो तिला."

"मलाही आहे."

तिने टोप चढवला. धाकट्याने मागून तिचे खांदे घट्ट धरले. मडगार्ड परसाच्या कडेला, शेजारच्या काकूंच्या लोखंडी फाटकाला जवळजवळ टेकलेलं होतं. त्याचा पत्रा कधीच संपला होता. इतकी वर्षं रंगच रंगाला धरून उभा होता. ताईने खटका दाबला, मडगार्डला आरपार भोक पडलं आणि रेतीचा झोत थेट फाटकावर गेला. धाकटा ओरडायला लागला. टोपाच्या आत ताईला वाटलं, तो शाबासकी देतोय. तिने खटका सोडला नाही.

"अगं ए! माझं फाटक!"

काकू बाहेर आल्या होत्या. फाटकाचा पांढरा रंग ताटाएवढा उडाला होता. ताई माफी मागायला तोंड उघडणार, तोच काकूंनी चष्मा चढवला आणि त्यांचा चेहराच पालटला.

"अगंबाई! हा आहे होय अजून?"

"कोण?"

"हा जांभळा. तुमच्या ट्रकचा. उरलेल्या डब्यातून अण्णांनीच मारून दिला होता. वरचा पांढरा माझ्या सुनेचा."

"जांभळा?" भावंडं एकदमच म्हणाली.

"भडक जांभळा. मी म्हटलंसुद्धा, अहो, हा काय रंग ट्रकला? तर म्हणाले, वहिनी, लांबून ओळखू येतो. वळणावर दिसला रे दिसला की पोरं खेळ टाकून धावत सुटतात."

"कुठली पोरं?" धाकट्याने विचारलं.

काकूंनी चष्म्यावरून दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "तुम्ही दोघं. दुसरी कुठली?"

कॉम्प्रेसर बंद झाला होता. ताईने टोप काढला आणि उगाचच पदराने पुसत राहिली. धाकटा भोक पडलेल्या मडगार्डात डोकावून काहीतरी बघू लागला. तेवढ्यात ताईचा फोन वाजला. पेंटर होता.

"निघतोय. रंग कुठला आणू?"

"जांभळा," ताई म्हणाली.

"ट्रकला? नक्की?"

धाकट्याने मान लांब करून फोनपाशी तोंड नेलं. "नक्की म्हणजे काय? लहानपणापासून डोळ्यांसमोर आहे आमच्या!"

"बरं. गडद की फिका?"

"गडद," ताई म्हणाली.

"फिका," धाकटा म्हणाला.

"अरे, मी तुझ्या पुढे धावायचे. जवळून बघितलाय मी."

"जवळून काय दिसणार? धूळ!"

"हॅलो?" पेंटर म्हणाला.

फाटक हातभरावर होतं. काकू त्याच्याकडे बोट दाखवून केव्हाच्या उभ्या होत्या. पण तिकडे बघायला दोघांपैकी कोणालाही सवड नव्हती.