ड्रॉपरची अर्धी खूण

दुआला अडीच महिन्यांची लस दिली, तेव्हा नर्स रंजीताताईंनी थेंबांची बाटली देत बजावलं होतं, "ताप आला तरच. ड्रॉपरच्या अर्ध्या खुणेपर्यंत, आन् सहा तासांत दुसऱ्यांदा नाही."

दुपारी दुआचं अंग तापलं. आई अनम न्हाणीत होती, म्हणून आजी लतीफाबींनी जेवायला घरी आलेल्या दुआच्या बापाला, परवेजला, औषध पाजायला सांगितलं. "पाजलं अम्मी," म्हणत तो कारंज्याच्या बाजारातल्या आपल्या शिलाईच्या दुकानात परतला.

अनम बाहेर आली. पोरगी तापलेली पाहून तिनं मोजून अर्धी खूण पाजली. दुआ झोपली.

"आता कायले देलं? परवेजनं देलं होतं ना," लतीफाबी म्हणाल्या.

अनमनं बाटली उजेडात धरली. "कवा?"

"तू न्हाऊन राह्यली होती तवा." मग त्या हळूच म्हणाल्या, "आन् मी सकाळी घुटीबी चाटवली."

अनमनं दुआचा हात उचलून सोडला. तो तसाच खाली पडला. हाक मारली, गाल चोळले. दुआ डोळे उघडेना. परवेजला फोन गेला. तो रिक्षा घेऊनच आला. लतीफाबीही सोबत बसल्या. दवाखान्यापर्यंत अनम पोरीच्या छातीवर हात ठेवून श्वास मोजत राहिली.

डॉक्टर मदनसिंगांनी सगळं ऐकून दुआची छाती तपासली, तळव्यावर टिचकी मारली. दुआनं टाहो फोडला, तेव्हा अनमलाही रडू फुटलं.

"घुटी बंद करा," डॉक्टर म्हणाले. मग परवेजकडे वळले. "तुम्ही किती पाजलं?"

परवेज भिंतीवरचा लसींचा तक्ता वाचू लागला.

"या औषधाचा त्रास लगेच दिसत नाही. नक्की आकडा कळला नाही, तर जास्तच गेलं असं धरावं लागेल. रक्त काढू आणि तपासायला अकोल्याला पाठवू."

डॉक्टरांनी सुई उचलली. एवढ्याशा हातातून रक्त काढणार म्हटल्यावर परवेज मधे आला.

"मी पाजलंच नाही साहेब."

"बाटली उघडलेली होती," अनम म्हणाली.

"ड्रॉपर भरला होता. पन तिचं तोंड एवढंसं. ठसका लागला तर, म्हनून हात मांगं घेतला. तिकून अम्मी पाहून राह्यली होती." त्यानं मान खाली घातली. "मग पाठ फिरवून मीच पिलो."

डॉक्टरांनी सुई ट्रेमध्ये परत ठेवली. लतीफाबींनी अल्लाचे आभार मानले. अनम नुसती नवऱ्याकडे पाहत राहिली.

परवेज डॉक्टरांच्या जवळ सरकला. "मले काही होईन का?"

"औषधानं नाही," डॉक्टर अनमकडे पाहत म्हणाले. "घरी गेल्यावरचं मी सांगू शकत नाही."