देवमन गुरुजींची पंगत

देवमन गुरुजी शाळेतल्या पोरांना रोज सकाळी घरोघर जाऊन जेवायचं आवतण देत. लग्नाचं नव्हे, शाळेतल्या ज्वारीच्या कण्यांचं! परतवाड्याजवळच्या त्या गावाने धान्य गोळा करून शाळेत दुपारचं फुकट जेवण सुरू केलं होतं. पोरं तशीही येणारच होती. पण आमचे हे हेडमास्तर दारोदार ओरडत, "जेवाले या जी, आज शाळंत पंगत हाये!" आणि अकोल्याच्या जुन्या शहरातून नोकरीपायी आलेला मी, त्यांचा एकुलता एक सहायक, प्रार्थनेच्या रांगा सांभाळत दातओठ खात उभा.

"गुरुजी, पाढे कधी घ्यायचे?"

"पोटात पडलं का पाढे आपसूक येते. तुमी चिडून काहून राहिले?"

वाढायला लागले की आग्रह असा, की वरमाईने लाजावं. "घे ना बाप्पा, लाजतं काहून?" पोरगं पत्रावळीवर आडवं पडलं तरी पळीभर वरण पडायचंच. मग माझ्या भूगोलाच्या तासाला अख्खा वर्ग पेंगायचा. स्वतः मात्र ते कधी पानावर बसत नसत. आणि सगळ्यात मोठा ताप म्हणजे त्यांचा नियम : पंगत पुरी भरल्याशिवाय कोणी घास घ्यायचा नाही.

एक दिवस शेवंताची जागा रिकामी. कण्या निवत चालल्या, पोरं आवंढे गिळू लागली.

"वाढा हो आता!" मी ओरडलो.

गुरुजींनी पळी खाली ठेवली आणि शेवंताच्या घराची वाट धरली. मीही तणतणत मागे.

तिची आई कौतिका मजुरीला जायची. दारातच म्हणाली, "मी पोरीले शिकाले धाडतो, फुकटचं खाले नाही. विहिरीवर बाया बोलून राहिल्या. आजपासून तिची शाळा बंद."

शिक्षणाचं महत्त्व सांगायला मी तोंड उघडलं. तेवढ्यात गुरुजी तिच्या उंबऱ्याबाहेर मातीतच बसले.

"मले मांगंपुढं कोनी नाही बाई. घरी एकट्याले घास उतरत नाही. तुही लेक पंगतीत बसली तं मीबी आज तिच्यासंगं बसीन. एवढा उपकार कर."

कौतिकाने पदराने पोरीचं तोंड पुसलं. "जाय माय. गुरुजी उपाशी हायेत."

परतताना मी हळूच म्हणालो, "बहाणा झकास काढलात हो!"

"बहाना कायचा?" म्हणाले आणि चालत राहिले.

त्या दिवशी मी वाढलं. शेवंताच्या शेजारी मांडी घालून गुरुजी जेवले, मान वरसुद्धा न करता. इतकं भुकेलेलं माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं. मला भरून आलं, आणि पोरांना दिसू नये म्हणून मी वरणाच्या बादलीवर वाकलो.