बिनआवाजी उजेड

घरासाठी जनरेटर निवडणं ही गंभीर बाब आहे. लग्नाचा जोडीदार चुकला तर नातेवाईक मध्ये पडतात. जनरेटर चुकला तर कुणी मध्ये पडत नाही, सगळे खिडकीतून बघतात.

आमच्या बेनिन शहरात (नायजेरियातलं बेनिन, त्या नावाचा शेजारी देश वेगळा, त्यांची लाइट वेगळी जाते) आमची तेवीस घरांची गल्ली आहे आणि तेवीस जनरेटर आहेत. लाइट दिवसाला सरासरी चार तास दहा मिनिटं असते. ही सरासरी सात नंबरच्या निवृत्त कारकुनाने काढली आहे, अंधारात. जनरेटर निवडण्याचे आमचे निकष ठरलेले आहेत: एक, त्याचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जातो का, दोन, धूर शेजाऱ्याच्या वाळत घातलेल्या कपड्यांपर्यंत पोचतो का, तीन, शेजाऱ्याचा जनरेटर आपल्यापेक्षा लहान आहे का. दिवे लागतात का, हा मुद्दा 'इतर' या सदरात येतो.

देखभालीचं शास्त्र आमचा मेकॅनिक फ्रायडे सांगतो (शुक्रवार सोडून कधीही भेटतो). पन्नास तास चालला की ऑइल बदला. प्लग पुसा. महिनाभर बंद ठेवणार असाल तर आतलं पेट्रोल काढा. गरज नसली तरी आठवड्यातून एकदा चालवा. आणि मेलात तरी घरात किंवा व्हरांड्यात लावू नका, कारण मेलात ते त्यामुळेच असेल. सगळी गल्ली हे मान हलवून ऐकते आणि जनरेटर गप्प झाला की फ्रायडेला शिव्या देते.

हे सगळं खरोखर पाळणारी एकच व्यक्ती होती: बारा नंबरची इसोकेनची आई. सरकारी इस्पितळात तीस वर्षं वॉर्डची सिस्टर होती. जनरेटरच्या शेजारी भिंतीवर तिने तक्ता टांगला होता, तापाचा असतो तसा. तारीख, तास, ऑइल, शेरा. शेऱ्यात एकदा 'खोकतो' असं लिहिलेलं मी स्वतः वाचलं आहे.

तिचे यजमान इदेमुदिया गुरुजी. जन्मभर भूगोल शिकवला. मागच्या वर्षी त्यांना अर्धांगाचा झटका आला. हात बराचसा सुधारला, आवाज मात्र अगदी बारीक झाला. रोज संध्याकाळी त्यांचा मित्र ओसायांदे, जो आमच्या गल्ली मंडळाचा अध्यक्षही आहे, ड्राफ्ट्स हा पटावरचा सोंगट्यांचा खेळ खेळायला यायचा. साडेसहाला लाइट जायची, जनरेटर लागायचा आणि गुरुजींचं बोलणं पटाच्या पलीकडे पोचेनासं व्हायचं. ओसायांदे सगळ्याला "हो हो" म्हणायचा. एकदा गुरुजींनी पाणी मागितलं, तेव्हाही "हो हो" म्हणाला आणि सोंगटी सरकवली.

ते बघून इसोकेनच्या आईने निर्णय घेतला. आवाजाचा जनरेटर फ्रायडेला देऊन टाकला आणि त्याच्याकडून बंद पेटीतला नवा मागवला. मागच्या अंगणात, केळीच्या झाडांपाशी, खिडक्यांपासून लांब, पत्र्याच्या आडोशाला ठेवला. तो चालू असताना मांजर झोपल्यासारखा आवाज यायचा. निवड निर्दोष होती. तिथेच चूक झाली.

पहिल्या संध्याकाळी लाइट गेली, बावीस जनरेटर गरजू लागले आणि बारा नंबरमध्ये मुकाट्याने दिवे लागले. तीन दिवस गल्लीने सहन केलं. मग शास्त्रीय चर्चा सुरू झाली. सात नंबरचं म्हणणं, तिने मंत्र्याच्या बंगल्याची लाइन ओढली आहे. एकोणीस नंबरची बाई म्हणाली, तिच्या चर्चचा पाद्री बदलला आहे, काय ते समजून घ्या. मागे जाऊन बघावं असं कुणी सुचवलं नाही. लोकांच्या मागच्या अंगणात जाणं आमच्याकडे असभ्य समजतात. त्यापेक्षा वीज कंपनीकडे तक्रार केली. बावीस घरांच्या सह्या झाल्या. (सोळावी माझी. अक्षर चांगलं आलं आहे.)

तपासणीला ओगिएवा नावाचे साहेब आले. बाईने त्यांना मागे नेलं आणि चालू मशीन दाखवलं. त्यांनी कान लावला, बावीस जनरेटरांच्या गदारोळात काहीच ऐकू आलं नाही, त्यांनी लिहिलं: 'यंत्र बंद स्थितीत आढळले.' बाईने मशीन बंद करून दाखवलं. घरभर अंधार झाला. त्यांनी मोबाइलच्या उजेडात लिहिलं: 'तपासणीची चाहूल लागताच चोरीची जोडणी तोडण्यात आली.'

"लाइट गेलेली असताना मी लाइट चोरीन कुठून, साहेब?" बाईने विचारलं.

"तुम्ही चोरता म्हणूनच बाकीच्यांची जाते, बाई," साहेब म्हणाले. त्यांचा सूर समजावणीचा होता.

नोटीस आली: चौदा दिवसांत समाधानकारक खुलासा न केल्यास जोडणी कायमची तोडली जाईल. बाईला त्याचं फार वाटलं नाही. वाटलं ते दुसऱ्या गोष्टीचं. ओसायांदेने निरोप पाठवला की चौकशी पूर्ण होईपर्यंत अध्यक्षाने वादग्रस्त दिव्याखाली बसणं बरं दिसत नाही.

गुरुजी अकरा संध्याकाळी पटापुढे एकटे बसले. एक चाल खेळायचे, पट फिरवायचे, दुसऱ्या बाजूची खेळायचे. खिडक्या लावल्या की घरात आता इतकी शांतता असायची की त्यांचा शब्द न् शब्द ऐकू यायचा. तो एकच होता.

"ओसायांदे आला?"

बाराव्या दिवशी सकाळी इसोकेनची आई फ्रायडेकडे गेली आणि आपला जुना जनरेटर परत मागितला. फ्रायडेने प्रामाणिकपणे सांगितलं की त्याची आतली तार मध्यंतरी जळली, तो आता एक बल्बसुद्धा लावणार नाही. बाई म्हणाली, ओरडतो ना? फ्रायडे म्हणाला, आता तर सायलेन्सरही गळून पडलाय. बाई म्हणाली, मग द्या.

संध्याकाळी लाइट गेली. मागे झोपलेल्या मांजराने दिवे लावले आणि पुढे फाटकाशी बाईने दोरी ओढली. गल्लीची तावदानं थरथरली. लोक दारात आले, एकमेकांकडे बघून समाधानाने हसले, आत गेले. दहा मिनिटांत ओसायांदे हजर.

"दुरुस्त झाला वाटतं, वहिनी," तो ओरडला.

"तो कशालाच जोडलेला नाही, भाऊजी."

"हो हो," ओसायांदे म्हणाला आणि पटापाशी बसला.

गुरुजी काहीतरी बोलले. कुणाला ऐकू आलं नाही. मग त्यांनी एका चालीत मित्राच्या तीन सोंगट्या उचलल्या, आणि ते हसले तेवढं सगळ्यांना दिसलं. बाई आत गेली आणि बराच वेळ स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही. यामची (आमच्याकडच्या सुरणासारख्या कंदाची) भाजी करत होती, असं ती म्हणते.

आठवड्याने पत्र आलं: 'सदर निवासस्थानी यंत्र कार्यरत असल्याची रस्त्यावरून कानाने खात्री करण्यात आली असून प्रकरण निकाली काढण्यात येत आहे.' भिंतीवर आता दोन तक्ते आहेत. उजेड देणाऱ्याला पन्नास तासांनी ऑइल लागतं. नुसता ओरडतो त्याला दर शनिवारी.

ही पद्धत सोयीची वाटल्याने इतरांनीही उचलली. आज गल्लीत एकतीस जनरेटर आहेत. त्यांतले आठ निव्वळ ओरडायला ठेवले आहेत आणि त्यांची प्रकृती उत्तम आहे.

तुम्हाला आमची गल्ली मूर्ख वाटली असेल. हरकत नाही. पण हे तुम्ही आत्ता मनातल्या मनात, ओठही न हलवता वाचताय. शेजारच्या खोलीत कोण आहे त्यांना विचारून बघा, तुम्ही काय करत होता म्हणून. ते सांगतील, काही नाही, नुसते बसला होतात.