आधी चक, मग नाव

लाकडाला भोक पाडायच्या आधी नेमाकाका त्यात राहणाऱ्या मुंग्यांना नोटीस देत. स्टुलावर चढून तुळईवर बोटांनी टकटक करायचे, कान लावायचे आणि सावकाश सांगायचे, "बाहेर या बाप्पा. घरात काम निंगालं." मग खाली उतरून बसून राहायचे. मुंग्यांना अंडी-पिल्लं घेऊन निघायला वेळ लागतो, असं त्यांचं म्हणणं. घरमालक चुळबुळ करायला लागला, की म्हणायचे, "तुमाले कोनी घर खाली कराले सांगतलं, त तुमी लगेच निंगता का?" मग आमच्या केनवड गावातला घरमालकही त्यांच्याशेजारी खाली बसे.

नेमाकाका म्हणजे नेमीचंद. धर्मानं जैन, धंद्यानं किराणा दुकानदार, देहानं गव्हाचं भरलेलं पोतं. एकटेच राहायचे. लग्न का केलं नाही, हे गावानं पुष्कळदा विचारून पाहिलं. त्यांनी प्रत्येकाला निराळं कारण सांगितलं. एकदा ते अकोल्याला साखर आणायला गेले आणि भोक पाडायचं मशीन घेऊन आले. त्या आठवड्यात सगळ्या गावानं गुळाचा चहा प्यायला.

गावात तेव्हा वीज नव्हती. हे मशीन हातानं फिरवायचं. बाजूला दातेरी चाक, त्याला मूठ, आणि पुढच्या टोकाला चक. चक म्हणजे मशीनचा जबडाच म्हणा ना. तिच्या आत तीन दात, आणि ते तिघं मिळून भोक पाडणारी सळई घट्ट धरून ठेवतात. दारं, कड्याकोयंडे, बैलगाड्या यांना नेमाकाका हात लावत नसत. "ते सुताराचं काम हाये," म्हणायचे. त्यांचं मशीन दुकानातून उतरायचं ते फक्त कुणाच्या घरी पाळणा टांगायला कडी बसवायची असली तर. त्याचे ते काही घेत नसत, आणि मशीन एकटं कुणाच्या हाती देतही नसत.

चक हा त्यांचा आवडता विषय. मीठ घ्यायला गेलेल्या माणसाला चक ऐकूनच परतावं लागे. "तीनही दात सारखे पुढं आले पाह्यजेत. एक जरी मांगं राह्यला, त सळई डुलते. सळई डुलली, का भोक मोठं होते. अन् मोठ्या भोकातली कडी..." एवढं म्हणून ते जमिनीकडे पाहत. मीठ घ्यायला आलेला माणूसही मग जमिनीकडे पाही.

कडी बसली, की ते तिला स्वतः लटकत. धोतर खोचून, गुडघे पोटाशी घेऊन, चेहरा मंदिरात असतो तसा. तो सबंध देह तुळईखाली हलकेच झुलत असायचा आणि घरातल्या म्हाताऱ्या पदराआड तोंड दाबून उभ्या असायच्या. हसायची कुणाची छाती होत नसे.

आमची मुलगी झाली तेव्हा घर नवं होतं, तुळई कोरी होती. ते काम मी स्वतः केलं असतं; पण मी हातोडी उचलली, की आई आधी हळद आणि चिंधी काढून ठेवायची. म्हणून बारशाच्या दिवशी दुपारी नेमाकाकांना बोलावलं. मुंग्यांना नोटीस मिळाली. मुदत संपली. काका स्टुलावर चढले, मूठ फिरवली आणि लगेच थांबले.

"डुलते," ते म्हणाले.

मला काहीच दिसलं नाही. बाबांनाही दिसलं नाही. आमचे बाबा म्हणजे गोविंदराव, करड्या शिस्तीचे; विडीचा नुसता वास आला म्हणून त्यांनी मला भर चौकात बडवलं होतं. ते म्हणाले, "नेमीचंद, चालून जाते एवढं."

"चालत नाही ते गोविंदराव. खाली येते."

काकांनी ओसरीवर बाबांचं वर्तमानपत्र पसरलं आणि चक खोलली. दातांना पुढं ढकलणाऱ्या बारीक स्प्रिंगा असतात, त्यातली एक तुटली होती. म्हणून एक दात मागंच राहत होता. एवढ्यात बायका जमू लागल्या. माझी बहीण शांता, म्हणजे बाळाची आत्या, नवं लुगडं नेसून तयार. घुगऱ्या शिजलेल्या. आणि बारसं वर्तमानपत्रावर अडलेलं.

"पाळना खाटीवर ठेवून नाव ठेवून घेऊ," शांता म्हणाली. "कडी उद्या लावा."

"आधी चक, मंग नाव," काका मान वर न करता म्हणाले.

"सुताराले बलवा ना मंग," आई म्हणाली.

"बलवा वहिनी. मी त्याच्या कडीले लटकून पाहीन."

कडी सुताराची असली तरी तुळई आमची होती. सुताराला कुणी बोलावलं नाही. सगळं घर स्प्रिंग शोधायला लागलं. बॅटरीतली निघाली, ती जाड. कुलपातली निघाली, ती चपटी. आईनं सेफ्टी पिन आणून दिली. काकांनी ती आदरानं परत केली. ऊन भिंतीवरून उतरून अंगणाच्या कडेला गेलं. काका सारखे त्या उन्हाकडे पाहत होते. शेवटी त्यांनी मोठा उसासा सोडला.

"गोविंदराव, माफ करा. तुमच्या कोटातलं लायटर द्या."

सगळ्यांनी बाबांच्या कोटाकडे पाहिलं.

"माझ्या कोटात कायचं लायटर?" बाबा म्हणाले.

"मी सांगतलं नसतं. रोज संध्याकाळी दुकानामांगं पाह्यतो तुमाले, कोनाले बोललो का आजपावेतो? पन लेकराचा पाळना हाये."

बाबांनी कोटाच्या आतल्या खिशात हात घातला. माझ्या आयुष्यात एवढा सावकाश चाललेला हात मी पाहिला नाही.

"कवापासून हे?" आईनं विचारलं.

"पाहुन्याचं हाये," बाबा म्हणाले. कुठल्या पाहुण्याचं, ते अजून कळलेलं नाही.

लायटरच्या पोटात चकमकीचा खडा वर ढकलणारी बारीक स्प्रिंग असते. ती काकांनी मापात कापून बसवली, तीनही दात सारखे पुढं आले, सळई सरळ गेली. कडी बसली, काका लटकले, पाळणा टांगला. तोवर दिवस बुडून कंदील लागले होते. बायकांनी पुरुषांना बाहेर काढलं आणि बारसं एकदाचं झालं.

पंगती उठल्या, पाहुणे गेले, आणि आईच्या एकदम ध्यानात आलं की नेमाकाका जेवलेच नाहीत. सूर्यास्तानंतर ते घोटभर पाण्यापलीकडे काही घेत नसत. आमच्या कडीपायी त्यांची ताटावरची वेळ टळली होती. ते उन्हाकडे का पाहत होते, ते आम्हाला तेव्हा कळलं. आईनं मला माफी मागायला त्यांच्याकडे पिटाळलं. दुकानाला कुलूप होतं, घरालाही कुलूप होतं. मी परत आलो, तर आतल्या खोलीच्या दारात माझी बायको कमल तोंडावर बोट ठेवून उभी.

बायका जेवायला उठल्या, तेव्हा काका आत आले असावेत. ते पाळण्याखाली मांडी घालून बसले होते. दोन्ही हात पाळण्याच्या तळाखाली पसरलेले, तळवे वर. बाळ झोपलं होतं.

"काका, तुमी इथंच?" कमल म्हणाली.

"स्प्रिंग माझी असती त गेलो असतो सूनबाई. ही गोविंदरावची. तिचा मले अंदाज नाही."

"पन तुमी लटकून पाह्यलं ना."

"मी जागा होतो. हे झोपलं हाये."

मग कमलनं हळूच विचारलं, "समद्याच घरी असे बसता का हो?"

"बसू कोन देते? कडी लागली, का लोक म्हनते, बरं, या मंग आता." काकांनी वर कडीकडे पाहिलं. "तुमी म्हनाचं इसरले."

कमलनं भिंतीशी टेकवलेला पाट आणून त्यांच्याजवळ ठेवला. काका पाटावर सरकले, पण हात तिथंच.

"नाव काय ठेवलं?" त्यांनी विचारलं. ज्या नावासाठी सगळं घर दुपारपासून खोळंबलं होतं, ते एकट्या त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

"उषा. आत्यानं कानात सांगतलं तिच्या. तुमी बी सांगा."

"मी कोन लागतो?"

"सांगा ना काका."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग आपल्या हातांकडे. मी पुढं झालो, खाली बसलो आणि पाळण्याखाली माझे हात पसरले. ते नीट पसरलेत याची खात्री करून घेऊनच त्यांनी आपले हात काढले. धोतराला पुसले. पाळण्याच्या काठाला स्पर्श न करता वाकले आणि बाळाच्या कानाशी तोंड नेलं.

नाव तर दोनच अक्षरांचं होतं. त्यांना सांगायला बराच वेळ लागला. माझे हात भरून आले, पण मी ते काढले नाहीत.