मनकर्णाची पोथी

हट्ट्याच्या दगडोबा मास्तरांनी निवृत्त झाल्यापासून हातानं शिवून, खळ लावून एकेचाळीस पुस्तकं तयार केली होती आणि त्यातलं एकही कुणी उघडलेलं नव्हतं. चित्रकलेच्या मास्तरांना गावात मान असतो, पण तो गणपतीच्या मखराचा रंग ठरवण्यापुरता. बायको मनकर्णा पुस्तकं बघायची नाही, मात्र "खळीत किती कणिक घातली?" एवढं तरी विचारायची. दोन वर्षांपूर्वी ती गेली. आता कणिक कितीही घातली तरी विचारणारं कुणी नव्हतं, आणि मास्तरांना याचंच सगळ्यात वाईट वाटायचं.

मुलगी वैष्णवी पुण्याहून फोनवर म्हणायची, "बाबा, फोटो पाठवा की."

"फोटोत पान उलटता येत न्हाई."

"मग गावात कुणाला तरी दाखवा."

बेचाळिसावं पुस्तक सगळं मनकर्णाचं होतं. भाकरी थापणारी, भांडणारी, पंख्याखाली पाय पसरून झोपलेली. कागद उरल्यासुरल्या लांबट पट्ट्यांचा, म्हणून पुस्तक आडवं झालं. पुठ्ठ्याला तिचंच लाल लुगडं लावलं. घड्या घालून केलेली पानं आपोआप उघडायची, म्हणून वरून दोरी बांधली. मास्तरांनी ते मारुतीच्या देवळातल्या ओट्यावर ठेवलं, कारण रिकामी माणसं तिथंच बसतात. वर चिठ्ठी ठेवली, 'उघडून पाहा'. लाजेपोटी नाव घातलं नाही.

दुसऱ्या दिवशी जाऊन बघतात तर पुस्तक चौरंगावर. वर हळदीकुंकू, झेंडूचं फूल. शेजारच्या पार्वतीबाई हात जोडून उभ्या.

"कुणाची तरी पोथी राहून गेली, मास्तर. पायाखाली यायची म्हणून वर ठेवली."

"त्याच्यावर एक चिठ्ठी होती."

"व्हय, तिच्यात अंगारा बांधून दिला सुनेला."

मास्तरांनी पुस्तकाला हात घातला. पार्वतीबाई मधे आल्या. "आंघोळ केली का?"

"केली."

"मंग कमरेला चामड्याचा पट्टा काहून? काढा तो."

मास्तरांनी पट्टा काढला. मनकर्णा गेल्यापासून ते बरेच वाळले होते. एका हातानं पँट धरावी लागली आणि उरलेल्या एका हातानं पोथी उचलणं पार्वतीबाईंना पसंत पडेना. मास्तर पोथीविना घरी आले.

चार दिवसांत पोथीचं बस्तान बसलं. कुणाची तरी हरवलेली शेळी सापडली, ते श्रेय पोथीला गेलं. येणारा जाणारा माथा टेकत होता, उघडत कुणीच नव्हतं. शेवटी मास्तर देवळाचा कारभार बघणाऱ्या सटवाजींकडे गेले. सटवाजी आणि मनकर्णा यांचं नळावर एकदा कडाक्याचं भांडण झालं होतं. त्यानंतर ती मरेपर्यंत दोघं एकमेकांशी बोलली नाहीत.

"सटवाजी, ती पोथी माझी हाय."

"तुमची? बरं झालं, आमी वाचणारा माणूसच हुडकून राहिलो होतो. शनिवारी संध्याकाळी बसा."

"अहो, त्यात नुसती चित्रं हायेत."

"मंग दाखवा बी. मी गावात सांगून ठेवतो."

शनिवारी देऊळ भरलं. मास्तर पट्ट्याऐवजी नाडी बांधून आले होते. इतकी माणसं हवी होती तेव्हा त्यांना आयुष्यात कधी मिळाली नव्हती, आणि आज एकही माणूस नको होता. त्यांनी दोरी सोडली. पान आपोआप उघडलं आणि उघडू नये नेमकं तेच उघडलं. नळ, दोन घागरी, कमरेवर हात ठेवलेली मनकर्णा आणि समोर मिशा फुगवलेले सटवाजी.

"ही तर आपली मनकर्णा," पार्वतीबाई म्हणाल्या. त्यांनी जोडलेले हात सोडले, मग पुन्हा जोडले.

"व्हय," मास्तर म्हणाले.

सटवाजींनी चष्मा लावला आणि पान जवळ ओढलं.

"मास्तर, चित्रात चूक हाय."

"कोणती?"

"नळाखाली तुमी माझी घागर काढली. तिची लागलेली होती. मी सरकवली."

मास्तरांना आठवलं. त्या दिवशी मनकर्णा घरी येऊन हेच सांगत होती. तेव्हा चित्रावरून मान वर न करता ते म्हणाले होते, "जाऊ दे, त्याचीच अगोदर असंल." ती गप्प बसली होती, आणि ती कधी गप्प बसत नसे.

"दुरुस्त करता येतं का?" सटवाजींनी विचारलं.

"येतं. येळ लागंल."

"लागू द्या," सटवाजी मांडी बदलत म्हणाले. "आमी बसून हावोत."

मास्तरांनी खिशातून पेन्सिल आणि खोडरबर काढलं आणि आधी सटवाजींची घागर पुसली. कुणीच उठलं नाही. मागच्या बाया पुढं सरकल्या आणि पार्वतीबाईंनी विचारलं, "मास्तर, ही खळ तुमी घरीच करता का? कणिक किती घालता?"