दोन्या मेनाच्या कौतुकाची गाडी

“नाव लिहायचं तर पूर्ण लिहायचं, एदेलमिरा! दोन्ही आडनावांसकट! अर्ध्या नावाने बकरीला हाक मारतात!”

शाळेतल्या प्राक्सेदेसबाईंचा हा आवाज एदेलमिराच्या कानात अजून जसाच्या तसा होता. बाई देवाघरी गेल्या होत्या. पण एदेलमिराने पेन्सिल हातात घेतली, की त्या मागे येऊन उभ्या राहात आणि खांद्यावरून वाकून बघत. पन्नाशी ओलांडलेली एदेलमिरा, रोज पहाटे जपमाळ ओढल्याशिवाय पाण्याचा घोट न घेणारी, पण बाईंच्या भीतीने अजूनही ‘i’वरचं टिंब विसरत नसे!

बाईंच्या अंत्यविधीलाच तिने हा बेत केला होता. काय सुंदर बोलले होते लोक! बाईंनी कुणाला अक्षरं दिली, कुणाला जेवण दिलं, कुणाला छडी देऊन माणसात आणलं. आणि बाई आपल्या समोर निपचित पडलेल्या! ऐकू येत असतं, तर निदान प्रत्येकाच्या बोलण्यात दोन चुका तरी काढल्या असत्या. एदेलमिराला तेव्हा फार वाईट वाटलं. तिने ठरवलं, आपल्याला घडवणाऱ्या एकेका बाईवर आपण लिहायचं. आणि सुरुवात जिवंत बाईपासून करायची, तिच्या कानांना ऐकू येतंय तोवर!

सुरुवात कुणापासून, हा प्रश्नच नव्हता. गाव जिला मानाने ‘दोन्या’, म्हणजे बाईसाहेब म्हणे, ती दोन्या मेना! तिची माद्रिना, म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळची धर्मआई. आई गेली तेव्हा एदेलमिरा सात वर्षांची होती. मेनाने तिला हाताला धरून घरी नेलं, आणि ते घर मग तिचंच झालं. एवढं करून या बाईने आयुष्यात कधी आभाराचा एक शब्द ऐकून घेतला नाही. एदेलमिराच्या लग्नात, नवरीच्या वेषात, ती गळ्यात पडून म्हणाली होती, “माद्रिना, तुम्ही नसता तर मी...” तोच मेना म्हणाली, “पुरे! ओढणी चुरगळेल!”

तोंडावर बोलता येत नाही, तर निदान भोंग्यावरून बोलावं!

सांता रुफिना गावात भोंगा एकच होता. एफ्राइनच्या जुनाट गाडीच्या टपावरचा. सकाळी मासळी, दुपारी गॅसची टाकी, महिन्यातून एकदा दातांचा डॉक्टर, आणि मधेच कुणी गेलं तर ती बातमी. संगीत दोन प्रकारचं. विक्रीसाठी उड्या मारणारं अकॉर्डियन, आणि मयतासाठी चर्चचा गंभीर ऑर्गन.

“मातृदिनाच्या सकाळी वाचायचं हं, एफ्राइन,” एदेलमिरा म्हणाली. तिचा आवाज इतका हळू, की देवालासुद्धा वाकून ऐकावं लागत असेल. “पण मासळी विकल्यासारखं नको.”

“दोन्या मेनासाठी? छे छे!” एफ्राइन कागदावर नजर टाकत म्हणाला. “कालच तिच्या भट्टीतल्या मक्याच्या कडक रोस्किया घेतल्या. वर म्हणते कशी, तुझे दात हलतायत, कॉफीत भिजवून खा! तू बघच ताई. असं वाचतो, की दगडाला पाझर फुटेल!”

पाझर फुटला. दगडाला नाही, गावाला!

कारण सांता रुफिनात माणसाचं पूर्ण नाव आयुष्यात दोनदाच पुकारलं जातं. एकदा बाप्तिस्म्याला, तेव्हा बाळ रडत असतं. आणि एकदा एफ्राइनच्या गाडीवरून, तेव्हा बाकीचे रडत असतात. मधल्या काळात सगळे मेना, चेपे, टकल्या आणि लंगड्याची सून असतात. हे गावातल्या शेंबड्या पोराला ठाऊक होतं. एदेलमिरालाही होतं. पण मागे प्राक्सेदेसबाई उभ्या होत्या ना!

मातृदिनाची सकाळ उजाडली. एदेलमिरा ठेवणीतला झगा घालून माद्रिनाच्या घरी हजर! माद्रिनाचा चेहरा तिला डोळे भरून बघायचा होता. पण माद्रिना मागच्या अंगणात, भट्टीपाशी. शेजारी मका दळायची गिरणी. ती सुरू झाली, की अंगणात विमान उतरल्यासारखं वाटे.

“माद्रिना, जरा पुढे येऊन बसता का?”

“काय?”

“पुढे! बसा! जरा!”

“अगं, आज मातृदिन! अर्ध्या गावाच्या आयांना रोस्किया हव्यात. बसायला वेळ मेल्यावर!”

एदेलमिरा पुढच्या दारात आली, तोच लांबून ऑर्गन ऐकू आला. हे संगीत? पण मग एफ्राइनचा आवाज आला, खोल विहिरीतून आल्यासारखा. “फिलोमेना... दे ला क्रूस... एस्पिनोसा... रिवास!” आणि पुढे तिचेच शब्द! तिने स्वतःच्या हाताने लिहिलेले, गल्लीभर दुमदुमणारे! ती सगळा ऑर्गन विसरली. अभिमान हे पाप, म्हणून तिने लगेच क्रूसाची खूण केली, आणि मग आणखी थोडा अभिमान वाटून घेतला.

“मासळी आली वाटतं!” मागून माद्रिना ओरडली. “ताजी असेल तर घे, नाहीतर जाऊ दे त्याला!”

गाडी वळणावर दिसेनाशी झाली. माद्रिनाने एक अक्षर ऐकलं नव्हतं!

एदेलमिरा दारात तशीच उभी. एवढ्यात समोरून शेजारीण कांदिदा आली. एका हातात कॉफीचं भलंमोठं भांडं, काखेत साखरेची पिशवी, आणि डोळ्यांतून धारा!

“अगं माझे बाई गं!” कांदिदाने भांड्यासकट तिला मिठी मारली. “काल तर माझ्याशी भांडली होती गं!”

“कांदिदा, ती मागे...”

“मागे आपण राहिलो गं! ती गेली पुढे!”

“गेली नाही, ती...”

“खरंय. अशी माणसं जात नाहीत. मनात राहतात!”

एदेलमिराचे उरलेले शब्द कांदिदाच्या छातीत दबून गेले. ती मिठीतून सुटली, तोवर चर्चमधल्या खुर्च्या आल्या होत्या. रस्त्यावर ताडपत्री ताणली जात होती. सावलीत चार म्हातारे पत्ते पिसतही होते, कारण मयताच्या दारात पत्ते हवेतच. त्याशिवाय गेलेल्याला करमत नाही.

मग शवपेट्या करणारा बोनिफासियो मिस्त्री आला, हातात मोजपट्टी. टोपी काढून अगदी अदबीने म्हणाला, “ताई, उंची किती असेल हो? मी तिला नेहमी ओरडतानाच बघितलंय. तेव्हा ती फार उंच वाटते.”

“मिस्त्री, माप नको. ती जिवंत आहे.”

“काय म्हणालात?”

“ती जिवंत आहे हो!”

“असंच वाटतं सुरुवातीला,” मिस्त्री हळहळला. “माझी आई गेली, तेव्हा मलाही तसंच वाटायचं.”

आता मात्र एदेलमिराने निर्धार केला. खुर्चीवर चढायचं आणि ओरडायचं! ती आयुष्यात कधी ओरडली नव्हती, पण आज देव बळ देईल. तिने झगा सावरला, एक पाय खुर्चीवर ठेवला, आणि नेमकं त्याच क्षणी प्रार्थना सांगणाऱ्या इग्नासियाने जपमाळ सुरू केली.

“नमो मारिया, कृपापूर्णे...”

झालं! सुरू झालेली जपमाळ मोडायची? एदेलमिराने? जिने बाळंतपणाच्या कळांमध्येसुद्धा माळ पुरी केली होती! पाय आपोआप खाली आला. हात आपोआप जोडले गेले. आणि तोंडातून आपोआप निघालं, “पवित्र मारिये, देवाच्या माते...”

एकेक मणी सरकत होता. एकेका मण्याबरोबर माणसं येत होती. पाव आले, केळीच्या पानात बांधलेली मक्याची नाकातामालं आली, फुलं आली. कुणीतरी मेनाचा तरुणपणीचा फोटो भिंतीवरून काढून मेणबत्त्यांच्या मधे ठेवला. मागे गिरणी घरघरत होती, आणि लोक एकमेकांना सांगत होते, “बघा, माणूस गेलं तरी काम थांबू दिलं नाही. किती शिस्तीचं घर!” इग्नासिया मधेच एक ओळ अडखळली, तर एदेलमिरानेच तिला ती सांगितली! काय करणार, चुकीची प्रार्थना कशी ऐकवेल?

“...आमेन!” शेवटचा मणी सुटला. एदेलमिराने श्वास घेतला, तोंड उघडलं, आणि गर्दी दुभंगली.

दारात दोन्या त्रान्सितो उभी होती.

मेनाची सख्खी धाकटी बहीण! आईच्या पश्चात भट्टी कुणाची, यावरून दोघी भांडल्या, त्याला युग लोटलं होतं. तेव्हापासून त्रान्सितो या गल्लीतून जातानासुद्धा तोंड फिरवून जायची. एकदा त्या नादात विजेच्या खांबावर आपटली, पण मान वळवली नाही! आणि आज ती काळी शाल घेऊन, फोटोपुढे गुडघे टेकून, ऊर फुटून रडत होती.

“मेना! माझ्या बाये! भट्टी तुझीच होती गं! आईने तुलाच दिली होती! माझ्यासमोर दिली होती! मीच खोटं बोलले!”

त्याच वेळी मागची गिरणी थांबली.

“काय म्हणालीस?” आतल्या दारातून आवाज आला. “पुन्हा म्हण! मोठ्याने म्हण! सगळ्यांसमोर!”

दारात दोन्या मेना! केसांना पीठ, भुवयांना पीठ, पांढरीफटक, आणि हातात वाफाळत्या रोस्कियांची परात! इग्नासियाच्या हातून माळ पडली. मिस्त्री मोजपट्टीसकट खुर्चीवर चढला. पत्तेवाल्यांपैकी एकजण पळाला, पण पत्ते घेऊन पळाला. त्रान्सितो गुडघ्यांवरच राहिली. तिला उठताही येईना आणि मरताही येईना.

“आणि एवढ्या खुर्च्या कसल्या? कॉफी कसली?” मेनाने परात खाली ठेवली. “कोण मेलं?”

सगळे एकमेकांना कोपराने ढोसू लागले. शेवटी मिस्त्री वरूनच, टोपी छातीशी धरून म्हणाला, “तुम्ही, दोन्या मेना.”

“मी? आणि मला कुणी कळवलं नाही?”

“गाडीवर सांगितलं!” कांदिदा म्हणाली. “पूर्ण नावानं! ऑर्गन लावून!”

“कुणी दिलं गाडीवर?”

सगळ्या माना एदेलमिराकडे वळल्या. तिला वाटलं, ताडपत्री कोसळावी आणि आपण खाली गाडलो जावं. संपलं सगळं! ज्या बाईला जन्मात एकदा ‘तुमच्यामुळे मी आहे’ म्हणायचं होतं, तिची आपण गावासमोर शोभा केली!

“माद्रिना, मी... थोडं कौतुक लिहिलं होतं.”

“काय लिहिलं होतंस?”

एदेलमिराने तोंड उघडलं. आवाजच फुटेना. हळूसुद्धा नाही!

आणि देवाची करणी बघा, एफ्राइनची गाडी दुसऱ्या फेरीला त्याच गल्लीत शिरली. आता गिरणी बंद होती. गर्दी बंद होती. फक्त ऑर्गन, आणि तो आवाज.

“फिलोमेना दे ला क्रूस एस्पिनोसा रिवास! जिने आई नसलेल्या एका मुलीला आपल्या अंथरुणात जागा दिली, भिंतीकडची, उबेची. जी पहाटे एकटी भट्टी पेटवायची, पण मुलीला उठवायची नाही, तिला शाळा आहे म्हणून. जी तिच्या वेण्या इतक्या घट्ट घालायची, की मुलीला दिवसभर डोळे मिटता यायचे नाहीत. जिने त्या मुलीला कधी परकी म्हटलं नाही, आणि कधी आभारही मानू दिले नाहीत. माद्रिना, आज मी मानते. आज मला अडवू नका.”

मेनाने अडवलं नाही. ती परातीकडे बघत उभी राहिली. मग पदरासारखा तिने एप्रन उचलला आणि डोळ्यांना लावला.

“धूर,” ती म्हणाली.

भट्टी मागच्या अंगणात होती आणि वारा उलट्या दिशेला होता, पण कुणीही तसं बोललं नाही.

“वेण्या खरंच घट्ट व्हायच्या?”

“हो, माद्रिना.”

“मग तेव्हा का नाही सांगितलंस?”

“सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, दिवसभर टिकायला हव्यात.”

“मग! टिकल्याच की!” मेनाने नाक ओढलं, आणि मग एकदम गर्दीकडे वळली. सगळ्यांत मोठी खुर्ची ओढून फोटोशेजारी बसली. “आलाच आहात, तर बसा! कांदिदा, तू काय म्हणून रडत होतीस? म्हण परत! त्रान्सितो, तू मात्र सगळ्यांत शेवटी. तुझं मला सावकाश ऐकायचंय.”

मग काय! कॉफी होती, पाव होते, गरम रोस्किया होत्या. एकेकाने उठून मेनाच्या तोंडावर तिचं कौतुक केलं, आणि मेना मधेमधे दुरुस्त्या सुचवत गेली. एफ्राइनला बाहेर काढून बोलणी बसली. “मी एक शब्द खोटा वाचलेला नाही!” तो कळवळून म्हणाला. पण तिसऱ्या फेरीला त्याने अकॉर्डियन लावलं. “दोन्या मेना जिवंत आहे हो! ताज्या रोस्किया मिळतील!” मिस्त्री म्हणाला, आलोच आहे तर माप घेऊन ठेवतो, पुढेमागे उपयोगी पडेल. त्याला मेनाने भट्टीचं फावडं दाखवलं.

दुपारी मंडळी पांगली. दोघी बहिणी भट्टीपाशी, पिठात चीज किती घालावं यावरून पुन्हा हातघाईवर आल्या होत्या. एदेलमिरा भांडी आवरत होती. मेनाने तिला हाक मारली.

“इकडे ये. लिहितेस चांगलं. पण आता एक पंचाईत झाली. मी खरीच जाईन, तेव्हा गाडीवर काय वाचणार? हेच? हे तर सगळ्या गावाने ऐकलं. शिळं!”

“नवं लिहीन, माद्रिना.”

“वचन?”

“वचन.”

“याच्यापेक्षा चांगलं हवं. आणि वेण्या नकोत त्यात.” मेना पुन्हा पिठात हात घालत म्हणाली. मग, एदेलमिराकडे न बघता, एरवी तिच्या तोंडून कधी न येणाऱ्या हळू आवाजात पुढे बोलली, “पण घाई करू नकोस गं पोरी. सावकाश लिही. अगदी सावकाश.”

दुसऱ्या दिवशी पहाटे एदेलमिराने जपमाळ पुरी केली, पेन्सिलीला टोक काढलं आणि टेबलाशी बसली. बराच वेळ विचार करून तिने एक ओळ लिहिली. ओळ चांगली उतरली होती. पुढची तर जिभेवरच होती! पण तिने पेन्सिल खाली ठेवली, कागद प्रार्थनेच्या पुस्तकात नीट घडी करून ठेवला, आणि त्या दिवसापुरतं तेवढ्यावरच थांबली.