गाडीवर हायेस का?

मोबाईल कानाला लावून मी मोटरसायकलसकट तलावात गेलो. भर दुपारी, पूर्ण शुद्धीत.

मोहर्लीकडच्या आमच्या गावात त्या काळी रेंज फक्त तलावाच्या पाळीवर यायची. शहाणी माणसं तिथं गाडी लावून बोलत. मी चालवता चालवता बोलायचो. नवा मोबाईल चारचौघांना दिसायला नको? त्या दिवशी पाळ वळली, मी सरळ गेलो.

खाली पाण्यात आमच्या शेजारच्या तुळशीरामभाऊंचं जाळं होतं. ढिवर माणूस, मासोळीवर जगणारा. पण गावात ओळख वेगळीच. त्यांना फोन केला की ‘हॅलो’ नाही. पहिला प्रश्न, “गाडीवर हायेस का?” हो म्हटलं की फोन बंद. एकदा मी बैलबंडीवरून केला, तरी बंद. “बंडी का गाडी नोहे?” स्वतःहून ते कोणालाच फोन लावत नसत. त्यांचा फोन पाळीवरच्या मोहाच्या झाडाला पिशवीत टांगलेला. सारे हसायचे, सगळ्यात मोठ्यानं मी.

भाऊंनी मला जाळ्यासकट कॉलर धरून काठावर ओढलं. लागलं का, हे विचारलंच नाही.

“फोनवर कोन होतं?”

“बायको.”

“मंग तिनं आयकलं असंल.”

मी हातपाय चाचपत होतो, ते ओल्या हातानं पिशवीची गाठ सोडत होते. मासोळीसाठी बायको घरच्या लँडलाइनवरून त्यांना नेहमी फोन करायची, त्यामुळे नंबर होता. “बाई, तो जिता हाय. खरचटलं फक्त. घे, बोल त्याच्यासंगं.”

पलीकडे ती रडत होती. फोन परत दिला, पण भाऊंनी तो पिशवीत टाकला नाही, हातातच धरून ठेवला.

“काऊन भाऊ, काय झालं?”

ते पाण्याकडे पाहत बोलले. “माह्या पोराले मीच फोन लावला होता. जेवला का, येवढंच इचाराचं होतं. त्यानं चालत्या गाडीवर उचलला. धाडकन आवाज आला. फोन चालूच होता, मी हॅलो हॅलो करत राह्यलो. मले सांगाले कोनीच नाई आलं.”

पोरगा अपघातात गेला, हे गावाला माहीत होतं. फोन कोणाचा होता, ते नव्हतं.

तेव्हापासून फोन वाजला की मी गाडी बाजूला लावतो आणि मनातल्या मनात भाऊंना हात जोडतो. तोंडावर मात्र एकदाच बोललो, तिथंच, ओल्या कपड्यांनी.

“भाऊ, तुमचे उपकार कसे फेडू जी?”

ते फाटलेलं जाळं उलटंपालटं करून बघत होते.

“सकाळपासून जाळ्यात तूच एक गवसला,” ते म्हणाले, “अन् तोही खाता येत नाई.”